चाळिशी लागली, चष्म्याचं ठीक आहे. पण डोळे कधी तपासले?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ४५ वर्षांच्या आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. आजवर चष्मा नव्हता. वर्षभरापासून वह्या तपासताना आणि मोबाइलवर आलेली परिपत्रकं वाचताना अक्षर पुसट होतं, लांब धरलं की दिसतं. बाजारातून त्यांनी १५० रुपयांचा, १.५ नंबरचा तयार चष्मा आणलाय आणि तो बरा वाटतो. त्या विचारतात: चष्मा लावला की नंबर वाढत जातो म्हणे, तर थोडे दिवस टाळू का? थेंबांनी, व्यायामाने हे जातं का? प्रोग्रेसिव्ह काच घ्यावी का? आणि शेवटी एक वाक्य: "आईला काचबिंदू आहे, पण मला तसा काही त्रास नाही."

ताई, अठ्ठावीस वर्षं डोळे तपासतोय. महत्त्वाची गोष्ट पेशंट नेहमी खुर्चीतून उठता उठता सांगतो, हे आता अंगवळणी पडलंय. तुमचंही तसंच झालं. चष्म्याबद्दल तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि त्यांची उत्तरं मी देतोच, पण माझं लक्ष त्या शेवटच्या वाक्यावर आहे, आणि थोडं त्या १.५ नंबरवरही. का ते पुढे येईल.

आधी चाळिशीचं. आपल्या भाषेत वयालाही चाळिशी म्हणतात आणि चष्म्यालाही, इतकं हे ठरलेलं आहे. डोळ्यात बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असतं. लांबचं बघताना ते चपटं असतं. जवळचं बघायचं झालं की भोवतालचा स्नायू आकसतो, भिंगाला ताणून धरणारे बारीक धागे सैल पडतात आणि भिंग फुगतं. लहान मुलाचं भिंग मऊ, सहज फुगणारं. पण हे भिंग जन्मभर वाढत राहतं, कांद्यासारखे थरावर थर चढतात आणि जुने थर टाकून द्यायची सोय त्यात नाही. आतला गाभा घट्ट होत जातो. स्नायू आपलं काम करतच असतो, भिंग मात्र दाद देत नाही.

हे चाळीसाव्या वाढदिवशी सुरू होत नाही, लहानपणापासूनच चालू असतं. दहाव्या वर्षी डोळ्याची ही फुगण्याची ताकद साधारण १२ ते १४ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात तेच माप) असते, चाळिशीत ५ च्या आसपास उरते, पन्नाशीत जेमतेम २, आणि साठीनंतर जवळजवळ काहीच नाही. वही ४० सेंटिमीटरवर धरली तर २.५ डायॉप्टर लागतात. आता ताकद पूर्ण पणाला लावून कुणी तासभर वाचू शकत नाही. साधारण निम्मी वापरावी, निम्मी हाताशी राहावी, तेव्हा वाचन सुखाचं होतं. चाळिशीत हे गणित काठावर येतं. पंचेचाळिशीत बिघडतं.

मराठी वाचणाऱ्याला त्याची पहिली चाहूल अक्षरांतूनच लागते. अनुस्वार आधी नाहीसा होतो. मग ष आणि प, घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक जातो. बरेच दिवस हे कळत नाही, कारण सवयीच्या मजकुरात आपण अंदाजाने वाचतो. कळतं ते औषधाच्या पाकिटावरची मुदत बघताना, नाहीतर सुईत दोरा ओवताना, म्हणजे जिथे अंदाज चालत नाही तिथे. तुमच्या बाबतीत मुलांच्या वह्यांनी ते काम केलं असणार. मुलाने अनुस्वार दिलाय की नाही हे ठरवताना अंदाज करून कसं चालेल?

आणखी एक अनुभव बहुतेकांना येतो. दुपारी अंगणात पेपर वाचता येतो, संध्याकाळी घरात येत नाही. उन्हात बाहुली बारीक होते, आणि बारीक छिद्रातून प्रतिमा आपोआप रेखीव येते. मुठीत अगदी छोटी फट ठेवून तिच्यातून बारीक अक्षर बघा, चष्म्याशिवाय दिसेल. वयानुसार बाहुली एकूणच लहान राहायला लागते, भिंग पिवळसर होतं, आणि साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या मागच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. म्हणून चष्म्यावर हजारो रुपये खर्च करणाऱ्यांना मी आधी दीडदोनशे रुपयांचा दिवा घ्यायला सांगतो. डाव्या खांद्यामागून वहीवर पडेल असा लावायचा. (डावखुऱ्यांनी उजव्या.) छताच्या मधोमध लटकणाऱ्या एका बल्बखाली वह्या तपासणं म्हणजे स्वतःच्याच सावलीत काम करणं.

आता तुमचा पहिला प्रश्न. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. चष्मा लावा, न लावा, भिंग आपल्या गतीने घट्ट होणारच. आज १ लागतो तो पन्नाशीत २ च्या आसपास जाईल आणि साठीनंतर २.५ ते ३ वर थांबेल. चष्मा घेतल्यावर तो वाढतो हे खरंच, पण न घेणाऱ्याचाही तेवढाच वाढतो. फक्त त्याला ते मोजून कुणी सांगत नाही. चष्म्याची सवय लागते असं म्हणतात, त्यात काय होतं तर स्वच्छ बघायची सवय लागते आणि मग पुसट अक्षर खपवून घेववत नाही. एवढंच.

टाळण्याबद्दल एक गोष्ट सांगतो. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लगेच जवळचा चष्मा दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा जवळपास २२ टक्क्यांनी जास्त वाढली. पानं खुडणं हे काही बारीक अक्षर वाचण्याचं काम नव्हे, तरीही एवढा फरक पडला. आपल्याकडे शिवणकाम करणाऱ्या, तांदूळ निवडणाऱ्या, वह्या तपासणाऱ्या बायका "एवढ्यात कशाला" म्हणून दोन-तीन वर्षं काढतात. त्या काळात काम हळू होतं, संध्याकाळी कपाळ धरतं, आणि खापर मात्र वयावर नाहीतर मोबाइलवर फुटतं.

व्यायामाचं म्हणाल तर स्नायू अशक्त झालेलाच नसतो, अडचण भिंगात आहे. डोळे गोल फिरवून, अंगठ्याकडे बघून भिंग मऊ होत नाही. त्राटकाने मन शांत होत असेल, जरूर करा, फक्त सूर्याकडे बघून नको; त्याने पडदा भाजलेले लोक मी पाहिलेत. मध, गुलाबपाणी, त्रिफळ्याचं पाणी यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. गाजर खा, चांगलंच आहे, पण चाळिशीशी त्याचा संबंध नाही.

थेंबांची गोष्ट जरा वेगळी. अमेरिकेत २०२१ मध्ये पिलोकार्पिनच्या थेंबांना चाळिशीसाठी मान्यता मिळाली. हे औषध जुनंच, काचबिंदूसाठी वापरात असलेलं. थेंब घातला की बाहुली बारीक होते आणि मघाच्या मुठीतल्या फटीसारखं काही तास जवळचं दिसतं. २०२४ मध्ये आपल्याकडे अशाच थेंबांचा गाजावाजा झाला, "चष्म्याला रामराम" छापाच्या बातम्या आल्या, आणि दाव्यांवरून वाद होऊन सप्टेंबरमध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी स्थगित केली. त्या आठवड्यात माझा फोन थांबत नव्हता. थेंब वाईट आहेत असं नाही, पण परिणाम काही तासांचा, संध्याकाळी अंधारल्यासारखं होतं, डोकं दुखू शकतं, आणि क्वचित पडद्याला फट पडल्याचीही नोंद आहे. ज्यांना चष्मा चालतो त्यांनी या भानगडीत का पडावं, हे मला अजून उमगलेलं नाही.

तयार चष्म्याबद्दल माझं मत बऱ्याच सहकाऱ्यांपेक्षा सौम्य आहे. दोन्ही डोळे सारखे असतील, सिलिंड्रिकल (आडव्या-उभ्या दिशेत वेगळा असणारा) नंबर नसेल, तर तो वापरल्याने डोळ्याचं नुकसान होत नाही. स्वयंपाकघरात एक, पर्समध्ये एक ठेवायला उत्तम. त्याच्या मर्यादा एवढ्याच की दोन्ही काचांचा नंबर एकच असतो आणि दोन काचांच्या केंद्रांतलं अंतर सरासरी माणसाचं असतं, तुमचं नसतं. घेताना काच हातात धरून तिच्यातून दाराची चौकट बघा आणि चष्मा हलवा. चौकटीत लाटा दिसल्या तर परत ठेवा. खरं नुकसान वेगळंच होतं. चष्म्याने अक्षर दिसायला लागतं, मग तपासणीला जायचं कारणच संपतं.

आणि इथे तुमचा १.५ नंबर माझ्या मनात अडकतो. ज्याचा लांबचा नंबर खरोखर शून्य आहे अशा ४५ वर्षांच्या माणसाला ४० सेंटिमीटरसाठी साधारण १ ते १.२५ पुरतो. तुम्हाला १.५ बरा वाटतो. कदाचित तुम्ही वही जरा जवळ धरत असाल. पण कदाचित तुम्हाला लांबचाही थोडा प्लस नंबर असेल, जो आजवर तरुण भिंगाने निभावून नेला. अशा लोकांना चाळिशी दोन-चार वर्षं आधीच लागते. मायनस नंबरवाल्यांची गंमत उलटी: शाळेत एखादे सर चष्मा कपाळावर चढवून हजेरीपट वाचत असतील, त्यांचा मायनसच त्यांना चाळिशीचा चष्मा म्हणून कामी येतो.

प्लस नंबरचा डोळा बहुधा आकाराने लहान असतो. लहान डोळ्यात, जाड होत चाललेल्या भिंगामुळे, बुबुळाच्या कडेची जागा अरुंद होते. डोळ्यात सतत तयार होणारा द्रव याच कोपऱ्यातून बाहेर जातो. तो कोपरा बंद होऊ लागला की डोळ्याचा दाब वाढतो. हा बंद कोनाचा काचबिंदू. आशियात तो युरोपपेक्षा जास्त आढळतो, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त, आणि चाळिशीनंतर वाढत जातो. तुमच्या आईचा काचबिंदू कुठल्या प्रकारचा, ते त्यांच्या जुन्या कागदांवर लिहिलेलं असेल. दुसरा प्रकार उघड्या कोनाचा, तोही घराण्यात चालतो. आईवडील किंवा भावंडांत काचबिंदू असेल तर आपला धोका कित्येक पटींनी वाढतो.

"मला तसा काही त्रास नाही" हे वाक्य मला म्हणूनच आवडलं नाही. काचबिंदूत बराच काळ त्रास नसतोच. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस कडेकडेने सुकत जाते, आधी बाजूची नजर कमी होते, आणि मधली शाबूत असल्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळ माणूस खणखणीत वाचतो. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. एकदा एक एसटी चालक फक्त वाचायच्या चष्म्यासाठी आले होते; उजव्या डोळ्याची निम्मी नस गेलेली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. गेलेली नस परत येत नाही. उरलेली मात्र बहुतेकांची थेंबांनी, लेझरने किंवा शस्त्रक्रियेने राखता येते. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं जुळी वाटतात म्हणून लोक "पिकला की काढू" म्हणत थांबतात. मोतीबिंदूत थांबलं तर चालून जातं बहुतेकदा, काचबिंदूत नाही.

तेव्हा दुकानात यंत्रावर हनुवटी टेकवून निघालेल्या नंबराच्या चिठ्ठीवर समाधान मानू नका. नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि सुरुवातीलाच सांगा, "आईला काचबिंदू आहे." मग दाब मोजला जाईल. पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर सर्वसाधारण धरतात, पण दाब ठीक असूनही नस सुकणारे लोक असतात, म्हणून नुसत्या आकड्यावर सुटका नाही. नस बघावी लागते, कोपरा किती उघडा आहे हे खास भिंग टेकवून बघावं लागतं, गरज वाटली तर फील्डची, म्हणजे बाजूच्या नजरेची तपासणी. कोपरा बघितल्यावरच बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, कारण अरुंद कोपऱ्याच्या डोळ्यात त्याच थेंबांनी दाब भडकू शकतो. कोपरा फारच अरुंद निघाला तर लेझरने बुबुळाला बारीक छिद्र पाडतात, काही मिनिटांचं काम आहे. आणि डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब घरात असतील तर टाकून द्या. त्यांनी दाब वाढून अंध झालेली तरुण माणसं मी पाहिली आहेत.

साखरही तपासून घ्या. रक्तातली साखर वर-खाली झाली की भिंग पाणी धरतं आणि नंबर हलतो. सत्तेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ दोन महिन्यांत दोन चष्मे करून, दोन्ही चुकीचे म्हणून भांडायला आले होते. चष्मे बरोबर होते, साखर ३०० च्या वर होती. साखर आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिर राहीपर्यंत नवा चष्मा करण्यात अर्थ नसतो. मधुमेह निघालाच तर दिसत असो वा नसो, दरवर्षी थेंब घालून पडदा बघायचा.

याच्या उलटा एक फसवा आनंद असतो, तुम्हाला आत्ता लागू नाही, पण घरात कुणाला असेल. साठीतले आजोबा सांगत येतात की चष्मा सुटला, पेपर तसाच वाचतो. एकांनी तर पेढे आणले होते. भिंगाचा गाभा दाट होऊन मायनस नंबर यायला लागलेला असतो, म्हणजे मोतीबिंदू सुरू झालेला. पेढे मी खाल्ले, मग सांगितलं.

तुमच्या वयाला आणखी एक गोष्ट लागू होते: कोरडेपणा. पाळी जायच्या सुमारास डोळ्यांतला ओलावा कमी होतो, त्यात खडूची धूळ, पंखा आणि पापणी न मिटता मोबाइलकडे बघणं. गंमत म्हणजे कोरड्या डोळ्यातून पाणी वाहतं, त्यामुळे कोरडा म्हटलं तर कुणाला पटत नाही. फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. वही लांब नेल्यावर अक्षर सुधारलं तर चाळिशी. पापण्या दोन-तीनदा मिटल्यावर सुधारलं तर कोरडेपणा. पुष्कळदा दोन्ही असतं, आणि मग नवा चष्मा करूनही समाधान होत नाही.

प्रोग्रेसिव्हचा प्रश्न तुमच्या कामावरून सोडवू. नुसता वाचायचा चष्मा घेतलात तर वहीतून मान वर केली की वर्ग धूसर. तो नाकाच्या शेंड्यावर ठेवून वरून बघायची जुन्या मास्तरांची पद्धत अगदी शास्त्रशुद्ध होती, बदनाम उगाच झाली. बायफोकलमध्ये खाली वाचायची खिडकी असते, स्वस्त आणि टिकाऊ, पण मधल्या अंतराला काही नसतं. प्रोग्रेसिव्ह काच १९५९ पासून बाजारात आहे. तिच्यात नंबर वरून खाली हळूहळू वाढतो आणि दोन्ही कडांना थोडी विकृती राहते. वर्गात फिरणाऱ्या, फळा, बाक आणि वही या तिन्हींकडे बघणाऱ्या बाईंना ती सोयीची. घ्यायचीच तर आत्ता, नंबर कमी असताना घ्या, सवय लवकर होते. दोन आठवडे द्या. जिना उतरताना मान खाली घाला, नुसते डोळे नको. फ्रेम फार बुटकी नको, आणि दुकानदाराने फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर ठेवून प्रत्येक बाहुलीसमोर खूण केली नाही तर महागातली महाग काचही वाया. निळा प्रकाश अडवणाऱ्या लेपासाठी वेगळे पैसे देऊ नका. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, थकवा कमी होत असल्याचा पुरावा मिळाला नाही.

चष्मा अंतराचा असतो, हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका पारायणाला बसल्या की नव्या चष्म्यातून पोथी दिसत नाही म्हणून परत येतात. नंबर हातातल्या पुस्तकासाठी काढलेला, आणि पोथी चौरंगावर, ६०-६५ सेंटिमीटरवर. वाचायला २ लागत असेल तर तिथे तो जास्त होतो, १ च्या आसपास पुरतो. संगणकाचंही तेच. उलट सोनाराला २५ सेंटिमीटरवर बघायचं असतं, त्याला नेहमीच्यापेक्षा कितीतरी जास्त.

काही गोष्टींना मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. डोळ्यासमोर अचानक माश्यांचा थवा, कडेला विजेसारख्या चमका किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, पडदा सुटत असू शकतो. एखादी माशी वर्षानुवर्षं तरंगत असेल तर ती निरुपद्रवी. डोळा लाल, ठणका, उलटी आणि दिव्याभोवती रंगीत कडं, हा दाबाचा झटका. लोक त्याला पित्त समजून रात्र काढतात. अधूनमधून संध्याकाळी जड डोक्यासोबत असं कडं दिसून झोपेनंतर जात असेल, तरीही सांगा. आणि महिन्यातून एकदा, एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने खिडकीचे गज बघा, मग उलट. गज वाकडे दिसले किंवा एका डोळ्याला फिकट दिसलं तर या. दोन्ही डोळे उघडे असताना हे कधीच कळत नाही.

तपासणी सगळी ठीक निघाली तरी तुम्हाला दरवर्षी यायचंय, आईमुळे. घरी असा इतिहास नसता तर दोन वर्षांनी चाललं असतं.

जाताना आईची फाइल घेऊन जा, जुने थेंब आणि गोळ्यांच्या पट्ट्यांसकट. दोन-चार वह्या घ्या आणि घरी एकदा टेपने मोजून ठेवा, तुम्ही वही किती अंतरावर धरता आणि पोथी वाचत असाल तर ती किती अंतरावर असते. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात, त्यामुळे स्कूटी घरीच ठेवा आणि वह्यांचा गठ्ठा त्या संध्याकाळी उघडू नका. तो बाजारातला चष्माही सोबत न्या. लांबचा प्लस निघाला आणि कोपरा अरुंद असेल, तर त्या १५० रुपयांनी तुम्हाला वेळेवर दवाखान्यात आणलं असं मी म्हणेन.